सरळ काठीचा तोरा

काठ्याही एकमेकींना टोमणे मारत, त्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या रुजार मासेमाराकडे गरवायच्या, म्हणजे गळाने मासे धरायच्या, दोन काठ्या होत्या. एकीच्या दोरा ओवायच्या कड्या पाठीवर सरळ रांगेत. दुसरीच्या वेलासारख्या वळत पोटाखाली गेलेल्या.

"तुला बांधणारा प्यायला होता का गं?" सरळ काठी रोज विचारायची. खडकावर ठेवलं की वाकडीच्याच कड्या खरचटायच्या.

एकदा सरळ काठीला जिताडा लागला. दोरा ताणताच ती रुजारच्या हातात गर्रकन फिरली, साऱ्या कड्या पोटाखाली गेल्या आणि मासा निसटला. दुसऱ्या दिवशी तोच जिताडा वाकडीने, कड्या आधीच खाली असल्याने, जराही न फिरता ओढून आणला.

"काल तुझ्याही कड्या खालीच गेल्या म्हणे," वाकडी म्हणाली.

"आम्ही वेळ आली की उलटतो," सरळ काठी ताठ्यात म्हणाली, "जन्मापासून वाकड्या नसतो."