सात वेढे

"सात वेढ्यांशिवाय भांडं वेशीबाहेर जात नाही. का, ते विचारायचं नाही."

राजांची नावं लिहून ठेवायची पद्धतही पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका नदीच्या उगमाजवळ कुंभारांचं गाव होतं. तिथल्या प्रत्येक मुलीला बोलता येण्याआधीच हे वाक्य ऐकावं लागे. त्यातला पहिला भाग वेशीवरच्या दगडावर कोरलेला होता. दुसरा वडीलधाऱ्यांनी मागाहून जोडला होता, कारण तो त्यांच्या सोयीचा होता.

या गावच्या लोणच्याच्या बरण्या दूरदूरच्या बाजारांत जात. प्रत्येक बरणीला राळ पाजलेल्या कापडाची सात वेष्टनं घालत. पहिलं धुळीसाठी, दुसरं ओलीसाठी. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "शोभा दिसते," म्हणायचे.

हे राळकापड कुजत नसे. त्याला वाळवी लागत नसे. गावाला या गुणाचा मोठा अभिमान होता.

सातव्या कापडावर शेवटची गाठ मारायचा मान एकाच घरातल्या बायकांचा. त्यांना गाठवाल्या म्हणत. ती गाठ ओढली तर आवळे, कापली तरच सुटे. तिच्याशिवाय व्यापारी माल उचलत नसत. आईची बोटं आखडल्यापासून ही गाठ घरातली धाकटी मुलगी मारत असे.

तिची थोरली बहीण नदीच्या खालच्या अंगाला एका गावात दिली होती. एके सकाळी ती पायी चालत माहेरी आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. पदरातून एक काळपट गोळा काढून तिनं ओट्यावर ठेवला.

"काय गं अक्का हे?"

"माझ्या म्हशीच्या पोटातून निघालं. चार दिवस तडफडून मेली. दुधावर पोरं वाढत होती माझी."

धाकटीनं गोळा उलगडला. राळकापड होतं. एकात एक गुंतलेले सात तुकडे, आणि वर एक गाठ. कापड बाजूनं कापलेलं, पण गाठ जशीच्या तशी.

"ओळखलीस?" अक्कानं विचारलं.

धाकटीनं ओळखली. गाठ तिच्याच हातची होती.

ती तशीच चावडीवर गेली. बाहेर जत्रेच्या मालाच्या तीन गाड्या भरून उभ्या होत्या. गाठी तेवढ्या मारायच्या राहिल्या होत्या.

"ये, ये, गाठवाले," गावचे थोरले आबा म्हणाले. "तुझीच वाट बघतोय. ऊन चढतंय."

तिनं गोळा त्यांच्या पुढ्यात टाकला आणि म्हैस कशी मेली ते सांगितलं.

आबांनी तो काठीनं दूर सारला. "हावरी असेल म्हैस." चावडी हसली.

"आबा, खालच्या गावात पाट तुंबलेत या कापडानं. शेतात पाणी पोचत नाही."

"मग त्यांनी गोळा करून ठेवावं."

"कुठे? पुरलं तर नांगराला लागतं. जाळलं तर धुरानं डोळे जातात. तुम्ही सांगा जागा, मी स्वतः नेऊन टाकते."

"पोरी," शेजारचे तात्या म्हणाले, "बरणी फुटली तर गावाचं नाव जातं. दोन अक्षरं शिकलीस म्हणून वाडवडिलांचा नेम मोडायला निघालीस?"

"दोन अक्षरं शिकले म्हणून तर वेशीवरचा दगड वाचला, तात्या! तुमच्यातल्या किती जणांनी वाचलाय? त्यावर कापड हा शब्दच नाही. सात वेढे लिहिलंय. आमच्या घरात वेढा म्हणजे दोरीचा फेरा. आजी पेंढ्याची जाड दोरी वळायची आणि भांड्याभोवती सात वेळा फिरवायची. तोच तुमचा नेम. कापड तुम्ही घुसडलंत, शोभेसाठी!"

"पेंढा?" आबा उसळले. "गुरांचं खाणं भांड्याला गुंडाळायचं?"

"हो. म्हणजे भांडं पोचलं की गुरं ते खातील. आणि मरणार नाहीत."



तिनं गाडीतल्या दोन बरण्यांचं कापड फाडून काढलं. बैलांपुढचा पेंढा ओढला, तिथेच बसून दोरी वळली आणि दोन्ही बरण्यांना सात-सात वेढे दिले. मग एक बरणी उचलून चावडीच्या पायऱ्यांवरून खाली सोडली. बरणी आदळली, उसळली, गडगडत बैलाच्या पायाशी जाऊन थांबली. बैलानं वाकून तिची दोरी खायला सुरुवात केली. बरणीला तडासुद्धा गेला नव्हता.

"नशीब एकेकाचं," तात्या पुटपुटले.

तिनं दुसरी बरणी त्यांच्यासमोर धरली. "तुम्ही टाका. फुटली तर मी गप्प बसेन आणि सगळ्या गाठी मारीन."

तात्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी काठीकडे. बरणी घ्यायला कोणाचाच हात पुढे आला नाही. फुटेल याची भीती त्यांना नव्हतीच. ती फुटणार नाही, याची होती.

"मग माझं ऐका," ती म्हणाली. "माझ्या हातची एक गाठ माझ्या बहिणीच्या गोठ्यात गेली आणि तिच्या म्हशीचा जीव घेऊन आली. या कापडावर मी पुन्हा गाठ मारणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुम्ही हात जोडलेत तरी नाही. पेंढा आणा, सूर्य मावळेपर्यंत वळत बसते."

गाड्या उभ्याच राहिल्या. बैल शांतपणे दोरी चघळत होता.

माल पाठवणाऱ्याची जबाबदारी माल पोचला की संपत नाही. त्याचं वेष्टन मातीला मिळालं की संपते.