घेवड्याची उलटी प्रदक्षिणा

“हा घेवडा उलटा फिरतोय!” महाराज भूपालराव गच्चीवरून ओरडले आणि खाली बागेत संभू माळ्याच्या हातातून झारीच सुटली.

महाराजांच्या राज्यात सगळं प्रदक्षिणेच्या दिशेनेच फिरायचं. पहारेकरी तसे फिरायचे, पागोटी तशी गुंडाळायची, आचाऱ्याने कढीसुद्धा तशीच ढवळायची.

“देवळात आपण देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो,” महाराज गरजले, “आणि हे वेल बघा! बांबूला खुशाल डाव्या हाताला ठेवून चढताहेत! माझ्या डोळ्यांदेखत!”

“महाराज, घेवडा असाच चढतो. माझ्या आज्याच्या वेळेपासून...”

“म्हणजे तुझा आजाही गुन्हेगार! आठ दिवस देतो. वेल सुलटे फिरव. नाहीतर मांडवही उपटीन आणि तुझं बिऱ्हाडही!”

संभूचं बिऱ्हाड म्हणजे बागेतल्या विहिरीजवळची एक झोपडी. त्याची लेक सारजा तिथेच जन्मली होती. मांडवही तिनेच घातला होता. बाभळीच्या मेढी हातभर खोल पुरल्या होत्या, वर आडवे बांबू टाकले होते, कोपऱ्यांना तिरके टेके दिले होते आणि काथ्याची प्रत्येक गाठ दोन-दोनदा ओढून पाहिली होती. वेल चढण्यासाठी उभे बांबू लावले होते ते वेगळेच.

“आबा, वेल कधी कुणाचं ऐकतो का?” ती म्हणाली.

“पोरी, ते महाराजांना कोण सांगणार?”

सांगणारं कुणीच नव्हतं. मदत करणारे मात्र पुष्कळ निघाले. राजज्योतिष्यांनी घेवड्याची पत्रिका मांडली आणि शांतीसाठी एकवीस नारळ मागितले. प्रधानजींनी मांडवापुढे दवंडी पिटवली. “समस्त घेवड्यांना कळविण्यात येते की, त्यांनी आपला मार्ग ताबडतोब सुधारावा होऽऽ!” सेनापतींनी प्रत्येक बांबूपाशी एकेक भालेवाला उभा केला.

घेवड्याने नारळ पाहिले, दवंडी ऐकली, भालेही पाहिले. मग दोन नवी पानं फोडून तो पहिल्यासारखाच वर चढू लागला.

शेवटी सेनापती सहा सरदारांना घेऊन स्वतःच मांडवावर चढले. वेल सोडवले, सुलट बाजूने गुंडाळले आणि सुतळीने करकचून बांधले. दोन दिवसांत शेंडे सुटले आणि पुन्हा आपल्याच वाटेला लागले. सात धिप्पाड माणसं नाचूनही मांडव हलला नाही, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सारजाच्या आलं. सेनापती जिथे बसले होते तिथली एक गाठ थोडी सैल झाली होती. सातव्या दिवशी ती आवळायला ती मांडवाखाली शिरली. गाठ खालच्या बाजूला होती, म्हणून पाठीवर आडवी झाली. दोरी ओढता ओढता तिची नजर बांबूवरून सरसर वर गेली आणि हात तिथेच थांबले. तिने बोटाने हवेत वेलाची वाट गिरवली. पुन्हा एकदा गिरवली. मग ती एकटीच खुदकन हसली.

आठव्या दिवशी सकाळी महाराज, राणीसाहेब आणि सगळा दरबार बागेत आला. उपटायला दहा गडीही आले होते.

“फिरले का वेल?” महाराजांनी विचारलं.

“फिरले महाराज,” सारजा म्हणाली. “पण बघायला इथे घोंगडीवर उताणं पडावं लागेल.”

“काय? आम्ही? उताणं?”

“एवढुशी पोर महाराजांना झोपायला सांगते!” राजज्योतिषी कडाडले. “तू आम्हाला शिकवणार?”

“नाही हो शास्त्रीबुवा. मी वेलांना शिकवत होते. तेही तुमच्याइतकेच हट्टी आहेत.”

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. महाराजांना राग आला होता, पण उत्सुकता त्याहून मोठी होती. ते घोंगडीवर आडवे झाले. आता दरबाराचा नियम असा की, महाराजांपेक्षा कुणाचं डोकं उंच असता कामा नये! धपाधप करत प्रधानजी, सेनापती, राजज्योतिषी, सगळेच चिखलात आडवे झाले. राणीसाहेब तेवढ्या बाजूच्या पारावर बसून राहिल्या. त्यांना नियम सांगायची कुणाची छाती नव्हती.

“आता बुडापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवा महाराज.”

महाराजांनी बोट फिरवलं. “अरेच्चा! सुलटा! अगदी आरतीचं ताट फिरावं तसा!”

“दवंडीचा परिणाम!” प्रधानजी चिखलातून म्हणाले.

“एकवीस नारळांचा!” राजज्योतिषी म्हणाले.

महाराज उठले आणि धावत गच्चीवर गेले. वरून पाहतात तो वेल पुन्हा उलटेच! ते तरातरा खाली आले. “वरून उलटा, खालून सुलटा! मला फसवतेस? गड्यांनो, उपटा मांडव!”

संभूने डोळे मिटले. सारजा गड्यांच्या आडवी उभी राहिली. “महाराज, एकच विचारते. सकाळी राणीसाहेब तुम्हाला ओवाळतात, तेव्हा त्यांचं ताट कुठल्या बाजूने फिरतं?”

“अर्थात, सुलट्या!”

“तुमच्या बाजूने बघून सांगा.”

महाराजांनी डोळे मिटून समोर ताट आणलं. बोट फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. “समोरून... उलटं दिसतं.”

“घेवडाही जमिनीतून निघतो आणि वरच्या सूर्याला ओवाळत चढतो. तुम्ही सूर्याच्या बाजूने बघता. तरीही घेवडा चुकत असेल, तर उपटा मांडव. पण मग इतकी वर्षं राणीसाहेबही चुकत होत्या, हे त्यांना तुम्हीच सांगा!”

महाराजांनी हळूच पाराकडे पाहिलं. राणीसाहेब त्यांच्याचकडे पाहत होत्या.

“छे छे! ते मी मुळीच म्हणणार नाही!” महाराज म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले. हसता हसता खाली बसले, तेव्हा त्यांनी मांडवाच्या मेढीचाच आधार घेतला. मेढ जागची हलली नाही. “वा! आमच्या दरबारात इतकं पक्कं काहीच नाही! संभू, आजपासून ही बाग तुझी. आणि पोरी, तुला काय हवं?”

“सरदारांना मांडवावर चढायची बंदी करा महाराज. मांडवाला सगळे पेलतात, पण कोवळ्या शेंगांना सेनापती पेलत नाहीत.”

“केली बंदी! आणि प्रधानजी, त्या मुलीच्या दोन्ही हातांत सोन्याचे तोडे घाला. अहो, कुठे आहात?”

“इथेच आहे महाराज,” चिखलातून क्षीण आवाज आला. “उठू का आता?”