सोळावी जागा

चिडू नका, पाव्हणे. होडीत जागा दिसत असताना होडीवाल्या प्रसादने तुम्हाला धक्क्यावर ठेवलं आणि होडी सोडली, हे मी पाहिलं. तुमच्याआधी पुष्कळांनी त्याच्यावर आवाज चढवलेला आहे. नांदखोलहून कारवेलीला जाणारी ही तर, म्हणजे खाडी ओलांडणारी ही होडी, सोळा माणसांची आहे, पण पंधरा बसली की ती सुटते. मागच्या फळीवर वल्ह्याशेजारची जागा रिकामी राहते. कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नाही. तरी सत्तर वर्षं असंच चाललं आहे. आता होडी परत यायला अर्धा तास आहे, तेव्हा ऐका. तुम्ही त्या कठड्यावर बसा, मी फिरत फिरत सांगतो. एका जागी बसून बोलायचं आमच्या घरात कोणालाच जमलेलं नाही.

गावात या जागेबद्दल हव्या तेवढ्या गोष्टी मिळतील. कोणी सांगतात, तिथे खाडीतली देवी बसते. कोणी म्हणतात, भर उन्हाळ्यात ती फळी आपोआप ओली होते. ओली होते हे खरं, पण तिथे होडीला एक चीर आहे आणि प्रसाद ती बुजवायचा कंटाळा करतो. मी सांगतो ती गोष्ट माझ्या आजोबांची आहे. मी जन्मायच्या आधी घडलेली, त्यामुळे मीही ऐकलेलीच सांगतो. शिवाय मी नातू, तेव्हा थोडं झुकतं माप मिळणार हे धरून चाला.

आजोबांचं नाव लखू शिवलकर. तरुणपणी ते मुंबईला जाऊन बोटीवर लागले. बोटीवर म्हणजे तिच्या पोटात, भट्टीत कोळसा टाकायला. अशांना आगवाले म्हणत. दुसरं महायुद्ध चालू असताना, त्रेचाळीस साली, ते एकाएकी परत आले ते कायमचे. ओठ फुटलेले, अंगाची सालं निघालेली. काय झालं, असं आजीने विचारलं तर ऊन लागलं म्हणाले, आणि विषय संपवला. त्या काळी गावात पलटणीतून आलेली चार माणसं होती. त्यांचे फोटो भिंतीवर, बिल्ले छातीवर, जत्रेत पहिला मान त्यांचा. आजोबा गर्दीत मागे उभे असायचे. तुम्ही लढाईत काय केलंत, असं त्यांना कोणी विचारलं नाही. कोळसा टाकणाऱ्याची कसली लढाई, असा सगळ्यांचा समज होता, आणि आजोबांनी तो कधी खोडला नाही.

गावात आल्यावर त्यांनी ही तर चालवायला घेतली. पहिल्या दिवसापासून पंधराच माणसं घ्यायची. सोळावा कितीही ओळखीचा असो, त्याला पुढच्या खेपेला. वल्हंसुद्धा उभ्यानेच मारायचे. खेपा संपल्या की धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचे, जेवतानाही दोनदा उठून खाडीकडे नजर टाकून यायचे. लोकांनी हरतऱ्हेने छेडलं. लखू, कोणाला बसवतोस रे तिथे, दुसरी केलीस की काय, असं विचारायचे. आजोबा हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. शेवटी लोक कंटाळले.

माझी आई यमुना ही त्यांची सून. तिचं माहेर समोर कारवेलीला, तो माडांचा पुंजका दिसतो ना, त्याच्या मागे. त्रेपन्न साली, पावसाळा संपता संपता, बाजाराच्या दिवशी तिला निरोप आला की तुझ्या आईचं काही खरं नाही. ती होती तशी हातातलं टाकून धक्क्यावर धावत आली. तोवर पंधरा माणसं बसली होती, होडी दोन हात सुटली होती, आणि ओहोटी लागलेली.

“मामा, आय जाते माजी. मला घ्या,” ती म्हणाली.

होडीतली माणसंही म्हणाली, घ्या तिला, जागा आहे. आजोबांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी वल्हं मारलं आणि पुढच्या खेपेला नेतो असं सांगून ते निघून गेले. पण त्या काळी धक्का एवढा लांब नव्हता. ओहोटीला मधे नुसता चिखल असायचा, आणि भरती येईपर्यंत पुढची खेप होऊ शकली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत आई इथे उभी होती, साधारण तुम्ही बसला आहात तिथे. पलीकडे पोचली तेव्हा तिच्या आईला अंगणात आणून ठेवलेलं होतं.

खरं सांगू, या एका गोष्टीसाठी आजोबांचा मला अजून राग येतो. पुढचं सगळं माहीत असून येतो.

त्या दिवसापासून आई सासऱ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. ती जागा कोणाची हे जोवर सांगत नाहीत तोवर मी या माणसाशी बोलणार नाही, असं तिने ग्रामदेवीसमोर सांगितलं होतं म्हणतात. आजोबांनी सांगितलं नाही. माझे वडील महादेव दोघांच्या मधे अडकले, आजी देवळात जाऊन कौल लावून आली, काही उपयोग झाला नाही. दोन वर्षं घर असंच चाललं. एकाच चुलीवर जेवणारी माणसं, आणि मधे भिंत घातल्यासारखी वागणारी.

पंचावन्न साली कारवेलीच्या बाजूने एक गृहस्थ आले. नाव इस्माईल परकार, उत्तरेकडच्या खाडीवरचे. बोटीवरचा लखू कुठे राहतो, असं विचारत ते तरीवर चढले. आजोबांनी त्यांना पाहिलं, त्यांनी आजोबांना पाहिलं, मग त्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. इस्माईलभाई फळीकडे बघून रडायला लागले, असं त्या खेपेतली माणसं पुढे कित्येक वर्षं सांगत.

घरी ओटीवर त्यांना बसवलं, चहा दिला. आजोबा अंगणात फेऱ्या मारत राहिले. आणि आजीला, वडिलांना, दाराआड उभ्या असलेल्या आईला लढाई पहिल्यांदा कळली, ती या परक्या माणसाच्या तोंडून.

त्यांची बोट आफ्रिकेकडे दारूगोळा घेऊन चालली होती. त्याआधी आजोबांची एक बोट बुडालेली होती आणि त्यातून वाचून ते परत दुसरीवर चढले होते. हे आजीला माहीत नव्हतं. ती म्हणे मधेच म्हणाली, तेव्हा तर मला पत्र होतं की सगळं ठीक आहे. या दुसऱ्या बोटीवर पाणबुडीने भर दुपारी टॉर्पेडो मारला. आगवाले सगळ्यांत खाली, बहुतेक तिथेच गेले. आजोबांनी इस्माईलभाईंना वाफेतून ओढत शिडीपर्यंत आणलं. इस्माईलभाईंनी बाही वर करून भाजल्याचा डाग दाखवला आणि लखूच्या पाठीवर याच्यापेक्षा मोठा आहे म्हणाले. आजीने तो डाग पाहिलेला होता. बोटीवर असताना कढईवर पडलो होतो, असं तिला सांगण्यात आलं होतं.

बुडत्या बोटीच्या एका होडीपाशी एकतीस माणसं पोचली. तिची कड फुटलेली होती. तीस बसली तर तरंगायची, एकतिसावा चढला की पाणी आत. म्हणून त्यांनी पाळी लावली. एकाने पाण्यात उतरायचं आणि दोराला धरून राहायचं, मग दुसऱ्याने. साहेब असो की खलाशी, पाळी सगळ्यांना. सहा दिवस असे काढले. सातव्या दिवशी आजोबांची पाळी आली तेव्हा ते तापाने फणफणले होते. शेजारी आदम सोलकर बसले होते, इस्माईलभाईंच्याच गावचे. ते म्हणाले, तू बस, मी उतरतो. उतरले. थोड्या वेळाने कोणीतरी दोर ओढून पाहिला तर तो हलका लागला.

त्यानंतर पाळी लावायची गरज पडली नाही. होडी बरोबर भरली होती. तिथून चौथ्या दिवशी एका जहाजाने त्यांना उचललं.

हे यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही, असं इस्माईलभाईंनी विचारलं. अंगणातून आजोबांचाच आवाज आला.

“काय सांगायचं हुतं? पाळी माजी हुती.” मग थोडं थांबून म्हणाले, “होडी भरली का मला वाटतं, कोनतरी भायेर ऱ्हायलंय.”

तेव्हा आई दाराआडून बाहेर आली. दोन वर्षांनी ती सासऱ्याशी पहिल्यांदा बोलली.

“भायेर मी ऱ्हायले हुते, मामा. जागा हुती, आनि तुमी मला भायेर ठेवलंत.”

आजोबा मटकन पायरीवर बसले. त्यांना असं बसलेलं घरच्यांनी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

इस्माईलभाई आले होते ते आजोबांना न्यायला. आदमच्या बायकोला, हलीमाबींना, नवरा बुडाला एवढंच माहीत होतं. आता त्या आजारी होत्या आणि कसा गेला ते मला कोणीतरी सांगा म्हणत होत्या. इस्माईलभाईंनी याआधी दोन पत्रं पाठवली होती, आजोबांनी ती वाचून खाडीत टाकली होती. याही वेळी ते नाही म्हणाले. मला ही होडी चालवायची आहे, मी येऊ शकत नाही, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खेपेला पंधरा माणसं बसली, त्यांत इस्माईलभाई होते. आजोबा दोर सोडणार इतक्यात आई धक्क्यावर आली. तिने माझ्या वडिलांना वल्हं घ्यायला सांगितलं आणि सासऱ्यांना त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

“बसा तितं, मामा. ह्या कामाला पुढली खेप नाय.”

आजोबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग जाऊन बसले. आई धक्क्यावरच राहिली आणि होडी पलीकडे लागेपर्यंत तिथून हलली नाही.

हलीमाबींनी सगळं ऐकून घेतलं. पाळी माझी होती, हेही आजोबांनी सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, पाणी थंड होतं का. आजोबा म्हणाले, नाही, ऊन पाणी होतं. त्यावर त्यांनी सुस्कारा सोडला, सुनेला हाक मारली आणि आजोबांना जेवून जायला सांगितलं. महिन्याभराने त्या गेल्याचं कळलं. आजोबा आणखी एक खेप थांबले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून बसू देत नाही.

ते परत आल्यावर आईने तरीचा नेम बदलला. जागा पंधरा माणसांनंतर रिकामीच ठेवायची, पण होडी सोडण्याआधी वल्हं धरणाऱ्याने धक्क्याकडे तोंड करून विचारायचं. आजोबांनी मरेपर्यंत विचारलं, मग माझ्या वडिलांनी, मग मी, आता माझा पुतण्या प्रसाद विचारतो. वल्ह्याच्या जागी मशीन आलं, विचारणं आहे तसंच आहे.

आजही होडी सुटण्याआधी तो तीनदा मोठ्याने विचारतो, “मागं कोन ऱ्हायलं?” मघाशीही विचारलं होतं, तेव्हा तुम्ही फोटो काढत होता. ज्याला खरंच थांबता येत नाही त्याने हात वर करायचा, की ती जागा त्याची. काय काम आहे, कोण आजारी आहे, हे कोणी विचारत नाही. काही जण फसवतात, घाई नसताना हात वर करतात. करू देत. इथे उभं राहून, पंधरा माणसांसमोर, माझ्या आईला आपली आय जाते आहे हे तोंडाने सांगावं लागलं होतं, आणि तरी होडी निघून गेली होती. तसं सांगायची वेळ पुन्हा कोणावर येऊ नये, असं तिचं म्हणणं होतं.