खिंड अडवणारा गवा

डोंगराच्या कुशीत तीन खोऱ्यांचे एक मोठे जंगल होते. त्यातल्या वरच्या खोऱ्यात एक गवा आपल्या कळपासह राहत असे. अंगाने थोराड, स्वभावाने शांत. तो फारसे बोलत नसे; पण एकदा पाय रोवून उभा राहिला, की त्याला जागचे हलवणे कुणाला जमत नसे. खोऱ्यातले लहानमोठे सगळे त्याला 'दादा' म्हणत आणि अडीअडचणीला त्याच्याकडेच जात.

मुलांनो, ही तीन खोरी पूर्वी एकमेकांशी काही संबंध ठेवत नसत. मग एका वर्षी वणवा पेटला. ज्याने त्याने आपापल्या खोऱ्यापुरती धावाधाव केली, आणि तेवढ्यात निम्मे जंगल जळून गेले. तेव्हा सगळ्यांनी मिळून डोंगरमाथ्यावरच्या उंबराखाली महासभा भरवली आणि एका म्हाताऱ्या अस्वलाला तिचे प्रमुख केले. वणवा, रोगराई, खोऱ्याखोऱ्यांतली भांडणे अशा सगळ्यांच्या गोष्टी महासभेने ठरवायच्या. आपापल्या घरच्या चालीरीती ज्या त्या खोऱ्याने ठरवायच्या, असे ठरले. या दोन्हींच्या मध्ये जे पडेल त्याचे काय करायचे, हे त्या दिवशी कुणी विचारले नाही. राखेचा वास अजून नाकात होता. एकत्र आलो, एवढेच सगळ्यांना पुष्कळ वाटले.

खालच्या खोऱ्यात लांडग्यांचे चाले. तिथले ससे त्यांच्यासाठी राबत. लांडग्यांच्या गुहा खणून द्यायच्या, झऱ्यातला गाळ उपसायचा, आणि लांडग्यांचे पिऊन झाले की उरेल ते पाणी प्यायचे. खोरे सोडून जायची कुणा सशाला मुभा नव्हती. महासभेत कोणी हा विषय काढलाच, तर लांडगे म्हणत, "ही आमच्या खोऱ्याची चाल आहे." आणि अस्वल मान हलवून म्हणे, "जाऊ द्या. पुन्हा फाटाफूट नको."

एके सकाळी गवा खिंडीपाशी चरत असताना एक सशीण धडपडत वर आली. तिच्या पुढच्या पंजांची कातडी सोलवटून निघाली होती.

"दादा, मला इथं राहू द्याल का?"

"कुठून आलीस?"

"खालच्या खोऱ्यातून. बहीणही निघाली होती माझ्याबरोबर. ओढ्यापाशी तिला धरलं त्यांनी."

गव्याने पुढे काही विचारले नाही. करवंदीच्या दाट जाळीखालची जागा तिला दाखवली आणि स्वतः जाळीच्या तोंडाशी जाऊन बसला.

लांडग्यांनी महासभेत तक्रार केली. आमचे ससे परत मिळणार नसतील तर आम्ही महासभेतून बाहेर पडतो, असे ते म्हणाले. अस्वल घाबरले. जंगल पुन्हा फुटेल, पुन्हा वणवा येईल, पुन्हा जो तो एकटा पडेल, असे त्याच्या मनाने घेतले. आणि महासभेने कायदा केला, की पळून आलेल्या सशाला कुठल्याही खोऱ्याने आसरा देऊ नये. उलट, त्याला धरून द्यायला मदत करावी.

हा कायदा घेऊन कोल्हा वरच्या खोऱ्याकडे आला. तो महासभेचा निरोप्या होता. त्याच्या मागे लांडगे होते. गवा खिंडीत आडवा उभा राहिला.

"दादा, बाजूला व्हा," कोल्हा म्हणाला. "महासभेचा कायदा आहे."

"असेल. वरच्या खोऱ्यात काय चालेल, ते वरचं खोरं ठरवील."

"पण महासभा उभी करणाऱ्यांत तुम्हीच पुढं होता."

"होतो. जीव मुठीत धरून आलेल्याला धरून देण्यासाठी नाही उभी केली ती."

लांडग्यांनी एकदा त्याच्या शिंगांकडे पाहिले, एकदा त्या अरुंद खिंडीकडे पाहिले आणि ते परत फिरले. कोल्हाही मान खाली घालून त्यांच्यामागून गेला.

त्या दिवशी वरच्या खोऱ्यात फार आनंद झाला. पुढेही अधूनमधून एखादा ससा वाट काढत यायचा, आणि करवंदीच्या जाळीत त्याला जागा मिळायची. गव्याचे ते बोलणे सगळ्यांच्या तोंडी झाले. वासरे खेळताना एकमेकांची वाट अडवून तेच म्हणत. मधल्या खोऱ्यातल्या रानडुकरांनीही ते उचलले. वणवा पसरू नये म्हणून वाळके गवत काढून मोकळा पट्टा ठेवा, असे महासभेने सांगितले, तेव्हा त्यांनी अंग झटकून उत्तर दिले, "मधल्या खोऱ्यात काय चालेल, ते मधलं खोरं ठरवील." गव्याच्या कानावर हे आले. त्याला ते आवडले नाही. पण आपलेच शब्द परत येताहेत म्हटल्यावर तो गप्प राहिला.

वर्षे गेली. जंगलाचे मन हळूहळू पालटत गेले. पळून आलेल्या सशांनी आपले सोललेले पंजे दाखवले होते. पुष्कळांनी ते पाहिले, आणि पाहिल्यावर त्यांना विसरता येईना. म्हाताऱ्या अस्वलालाही आपल्या जुन्या कायद्याची लाज वाटू लागली. अखेर महासभेने तो मोडला आणि नवा कायदा केला. यापुढे कुणीही कुणाला कोंडून राबवायचे नाही, आणि झऱ्याचे पाणी सगळ्यांना सारखे.

कोल्हा हा कायदा घेऊन आनंदाने खालच्या खोऱ्यात गेला. तिथल्या खिंडीत एक मोठा लांडगा आडवा उभा होता. कोल्हा परतला तो थेट गव्याकडेच आला.

"काय म्हणाला तो?" गव्याने विचारले.

कोल्हा जरा अडखळला. "खालच्या खोऱ्यात काय चालेल, ते खालचं खोरं ठरवील, असं म्हणाला. आणि म्हणाला, वरच्या खोऱ्यातल्या दादाला विचार, हे खरं की खोटं."

गवा रवंथ करत होता. त्याचे तोंड हलायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी अस्वल स्वतः त्याच्याकडे आले. "लांडगे तुम्हा गव्यांशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत," ते म्हणाले. "तुझा कळप बरोबर येईल का?"

"आजोबा, मला विचार करू द्या."

"त्यात विचार कसला?"

"आज महासभा बळानं खालच्या खोऱ्यात शिरली, तर उद्या आमच्याही खोऱ्यात शिरेल. तिनं पुन्हा एखादा वाईट कायदा केला, तर मी तिला कुठल्या तोंडानं अडवू?"

असलाच वाईट कायदा अस्वलाने स्वतः एकदा केला होता. ते परत गेले.

गवा विचार करत राहिला. चरताना करायचा, पाण्यावर गेला की करायचा. एका बाजूने त्याला ते ससे दिसत. दुसऱ्या बाजूने ती खिंड दिसे, आणि आपण एकटे तिच्यात उभे असलेले दिसे. तो वाईट नव्हता. आपण जे एकदा बोललो ते खरे करायला हवे, असे त्याला मनापासून वाटत होते. असा उन्हाळा वाढत गेला. ओढे आटले. गवत पिवळे पडले.

मग एक टिटवी खालच्या खोऱ्यातून बातमी घेऊन आली. कायद्याच्या रागाने लांडग्यांनी सशांचे पाणीच तोडले होते. झऱ्यावर पहारा बसवला होता आणि सशांना सांगितले होते, "महासभेनं तुम्हाला पाणी दिलंय ना, मग तिच्याकडंच जाऊन प्या."

सशीण हे ऐकून गव्यासमोर येऊन बसली. आता तिचेही वय झाले होते. इतक्या वर्षांत तिने त्याच्याजवळ कधी काही मागितले नव्हते.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी खिंडीत उभे राहिलात, ते खोऱ्यासाठी की माझ्यासाठी?"

गवा तिच्या पंजांकडे पाहत राहिला. जुने वण अजून तिथे होते. शेवटी तो उठला आणि कळपाला हाक देत म्हणाला, "चला. खाली जायचंय."

गवे आले म्हटल्यावर वाटेत आणखी कितीतरी जण त्यांना येऊन मिळाले. अस्वल आले, कोल्हा आला, लाजत लाजत रानडुकरेही आली. लांडग्यांशी मोठी झुंज होणार, असे सगळ्यांना वाटत होते. पण गव्यांची शिंगे खिंडीच्या तोंडाशी दिसताच पहाऱ्यावरचे लांडगे मागे सरले. मोठा लांडगा थोडा वेळ दात दाखवत उभा राहिला, मग तोही वळून रानात नाहीसा झाला. दुपार व्हायच्या आत सगळे संपले होते.

"एवढंच होतं?" गवा हळूच म्हणाला. तो कुणाला विचारत होता, ते कळले नाही.

झऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर ससे पडलेले होते. काही जागच्या जागीच गेले होते. जे जिवंत होते ते पाण्यापर्यंत सरकत जाऊन पीत होते आणि पिऊन तिथेच आडवे होत होते. सशीण प्रत्येकाजवळ थांबत, हुंगत पुढे जात होती. जांभळीच्या मुळाशी एक म्हातारा ससा टेकून बसला होता. त्याने तिला ओळखले.

"तुझ्या बहिणीला शोधतेस ना? परवा गेली ती."

सशीण त्याच्याजवळ खाली बसली.

"शेवटपर्यंत पोरांना धीर देत होती," म्हातारा म्हणाला. "वरच्या खोऱ्यात एक दादा आहे, माझ्या बहिणीला त्यानंच वाचवलं, तो आपल्यासाठीही येईल, असं सांगायची सगळ्यांना."

गवा मागेच उभा होता. त्याने ते सगळे ऐकले.

संध्याकाळी तिथेच झऱ्याकाठी महासभा बसली. रानडुकरे फार जोरात होती. "आता एक कायदाच करून टाकू," ती म्हणाली. "यापुढं कुठल्याही खोऱ्यानं महासभेला कधीच नाही म्हणायचं नाही."

"असं करू नका," गवा म्हणाला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. "महासभाही चुकते. एकदा चुकली होती."

"मग अडवणारा खरा की खोटा, हे ओळखायचं कसं?" अस्वलाने विचारले.

"आजोबा, मी अडवलं तेव्हा माझ्या पाठीमागं ही सशीण होती. हिला जगायचं होतं. लांडग्यानं अडवलं तेव्हा त्याच्या पाठीमागं हे सगळे होते, आणि त्यांना बाहेर यायचं होतं. अडवणं तेच, बोलणं तेच. मागं कोण आहे, एवढं वळून पाहायला हवं होतं. मी माझ्या बोलण्याकडंच पाहत बसलो."

मग पुन्हा वाद सुरू झाला. कोणी म्हणे महासभा मोठी, कोणी म्हणे खोरे मोठे. काहीच न ठरता अंधार पडला आणि सगळे पांगले. त्या जंगलात तो वाद अजूनही मिटलेला नाही.

सकाळी गवा परत निघाला. सशीण झऱ्यातला गाळ काढत होती. तिच्या बहिणीची पोरे काठावर अंग चोरून बसली होती आणि मावशीकडे पाहत होती.

"येतेस ना?" गव्याने विचारले.

"नाही दादा. यांच्याजवळ कुणी नाही. मी इथंच राहीन."

"माझ्यावर रागावलीस का?"

सशिणीचे पंजे थांबले. "नाही. तुम्ही मला जगवलंत, ते मी कशी विसरेन? पण ही पोरं मोठी झाली, की विचारतील. त्यांचा दादा इतक्या उशिरा का आला, हे त्यांना काय सांगू, ते मला कळत नाही."

गवा खिंडीची चढण चढू लागला. थोडे वर गेल्यावर त्याने वळून पाहिले. सशीण पोरांना एकेक करून पाण्यापाशी नेत होती.

तात्पर्य : मोठ्यांच्या हुकमाला नाही म्हणण्याचे बळ मुळात चांगलेही नसते आणि वाईटही नसते. त्या नाही म्हणण्याने कुणाला आसरा मिळतो आणि कुणाचा कोंडमारा होतो, हे पाहूनच त्याची बाजू घ्यावी, आणि ते पाहायला उशीर करू नये.