झुंबरची तोंडी परीक्षा

एका विद्यापीठात झुंबर नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलं तेवढंच करणारा, आणि नेमकं नको तिथं करणारा.

झुंबरच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता. गेल्या वर्षी भूगोलाच्या तोंडी परीक्षेत झुंबरची दातखीळ बसली. हूं नाही की चूं नाही. नापास! वडील म्हणाले, "यंदा पास झालास तर शीक. नाहीतर गुमान घरी ये आणि झांजा वाजव." आता झांज म्हटलं की झुंबर लांब पळायचा. कानात कापूस घालून वाढलेलं पोर ते!

म्हणून भीती घालवायला तो विद्यापीठाच्या समुपदेशक देवस्थळी मॅडमच्या गटात जाऊ लागला. दर बुधवारी दहा मुलं सतरंजीवर गोल करून बसायची, श्वासाकडे लक्ष द्यायची, मनातलं बोलायची आणि हलकी होऊन उठायची.

पहिल्या बुधवारी मॅडमनी प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवली. "बघा, हुंगा, सावकाश चावा. घाई नको." एका मनुकेला दहा मिनिटं लागली. झुंबरला फार बरं वाटलं.

तिथून तो मेसमध्ये गेला. ताटात भात होता. त्यानं एक शीत उचललं, बघितलं, हुंगलं, सावकाश चावलं. मग दुसरं शीत. मग तिसरं. सगळे जेवून गेले, टेबलं पुसून झाली, संध्याकाळची भाजी चिरून झाली, झुंबर आपला भातातच. मेसच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मुडद्या, जेवतोयस का तांदूळ निवडतोयस?"

तक्रार मॅडमकडे गेली. "अरे, ते मनुकेपुरतं होतं!" मॅडम म्हणाल्या. "मन जरा सैल सोड. येईल त्याला येऊ दे, जाईल त्याला जाऊ दे. अडवू नकोस, नुसतं बघ." त्या बोलत होत्या मनातल्या विचारांबद्दल.

"बरं, मॅडम," झुंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या खोलीत एक शेळी आली. झुंबरनं येऊ दिली. तिनं प्रल्हादची प्रॅक्टिकलची वही खाल्ली, नकाशांसकट. झुंबरनं नुसतं बघितलं. शेळी गेली. जाऊ दिली. प्रल्हाद म्हणजे झुंबरचा रूममेट. गटातलाच, पण आखाड्यात कुस्ती खेळणारा गडी.

"आरं, हाकलली का नाहीस?" प्रल्हाद ओरडला.

"अडवायचं नसतं," झुंबर म्हणाला.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, नुसतं बघत काय बसतोस? तोंड उघडावं! बघितलंस ते मोकळेपणानं बोलून टाकावं!"

"बरं, मॅडम."

पुढच्या बुधवारी गटात प्रल्हादला आईची आठवण आली आणि तो हमसून हमसून रडला. झुंबरनं ते बघितलं. मग मेसमध्ये बाकावर उभा राहून त्यानं मोकळेपणानं बोलून टाकलं, "प्रल्हाद आज आईसाठी रडला हो! तो उशीला मिठी मारून झोपतो!" अख्खी मेस हसली. एवढा मोठा पैलवान, ताट तसंच टाकून उठून गेला बिचारा.

या वेळी मात्र मॅडम खरोखर चिडल्या. "गटातल्या कुणाचंही नाव बाहेर सांगायचं नाही! कुणीही विचारू दे. समजलं? गट विश्वासावर चालतो."

झुंबरला रडू फुटलं. त्यानं प्रल्हादचे पाय धरले. प्रल्हादनं एक सणसणीत धपाटा घातला आणि माफ केलं. झुंबरनं गळ्याची शपथ घेतली, गटातलं नाव जीव गेला तरी बाहेर काढायचं नाही.

आणि तोंडी परीक्षेचा दिवस आला. परीक्षक होते बाहेरगावचे कुलथे सर. एकेक जण रांगेनं आत जात होता. झुंबर आत गेला, बसला, श्वासाकडे लक्ष दिलं. आणि काय आश्चर्य! नद्या विचारल्या, नद्या सांगितल्या. वारे विचारले, वारे सांगितले. दातखीळ नाही की काही नाही.

"शाब्बास!" कुलथे सर खूश झाले. "वीसपैकी अठरा! नाव सांग, लिहितो."

झुंबरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अरे, नाव काय तुझं?"

"ते नाही सांगता येत, सर."

"का?"

"गटातल्या कुणाचंच नाव बाहेर सांगायचं नसतं. मी गटातला आहे."

सरांनी ओळखपत्र मागितलं. झुंबरनं ते शर्टाच्या आत सरकवलं आणि वरचं बटण लावलं. 'गट' ऐकून शिपाई पळत जाऊन देवस्थळी मॅडमना घेऊन आला. मॅडम धापा टाकत म्हणाल्या, "सर, हा झुंबर! आमच्या गटातला."

झुंबर ताडकन उभा राहिला. मॅडमनी नाव फोडलं! तेही परक्या माणसासमोर! आता गट मोडणार, बिचाऱ्या मॅडमची नोकरी जाणार. एवढ्या चांगल्या बाई!

"काय रे, तूच का तो झुंबर?" सरांनी विचारलं.

झुंबरनं खोल श्वास घेतला. सावकाश सोडला.

"नाही, सर. मॅडमची काहीतरी गफलत होतेय. झुंबर आज आलेलाच नाही."

सरांनी यादी ओढली आणि झुंबरच्या नावापुढे लाल पेननं लिहिलं, 'गैरहजर'.

झुंबर मॅडमच्या कानाशी वाकला. "घाबरू नका, मॅडम," तो म्हणाला. "मी कुणाला काही सांगणार नाही."