वाढलं म्हणायचं नाही

राशीच्या वाडीत शिरण्याआधी उजव्या हाताला एक बोडकी टेकडी लागते. तिच्यावर गवताची काडी उगवत नाही. वरपासून खालपर्यंत नुसते पांढरट, गोल, जोंधळ्याएवढे खडे. लांबून पाहिले तर कुणी खळ्यावर रास घालून ती न्यायला विसरले आहे असे वाटते. एखाद्या पाहुण्याने मूठभर खडे खिशात टाकले की केरबा गुरव म्हणतात, "ठेवा ते तिथंच. आमच्या बाईचं घर हाय त्याच्याखाली." मग पाहुणे दचकून खडे टाकतात, बसतात, आणि केरबा सांगू लागतात. ही गोष्ट सांगायची त्यांना हौस आहे असे नाही. पण ती न ऐकता कुणी वाडीतून गेलेले त्यांना खपत नाही.

गोष्ट कळायला इथले एक जुने बोलणे ठाऊक हवे. पूर्वी इकडच्या बायका घरातला दाणा संपला तरी 'संपला' म्हणत नसत. नांदत्या घरात असे अशुभ बोलू नये, म्हणून 'वाढला' म्हणायचे. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतात, तसेच हे. ऐकणारीनेही गप्प राहायचे नाही. "वाढू दे बाई," असे म्हणून पुढच्या दारी जायचे. मागणारीचा मान राहायचा आणि नाही म्हणणारीची लाजही झाकली जायची. रीतीत खोट नव्हती, हे केरबा दर वेळी बजावतात.

त्या काळी वाडीत अंसाबाई म्हणून एक बाई राहत होती. एका दुष्काळात तिचे पहिले मूल भुकेने गेले. पुढे गजरा झाली, तेव्हा अंसाबाईच्या अंगावर दूध नव्हते. तिची नणंद ठकूबाई त्याच सुमारास बाळंतपणाला माहेरी आलेली. तिने आपल्या लेकराबरोबर भावाच्या लेकीलाही पाजले, म्हणून गजरा जगली.

गजरा पाच-सहा वर्षांची झाली आणि पुन्हा पाऊस फिरकला नाही. नवरा बैल जगवायला नदीकाठच्या मुलखात निघून गेला. घरात अंसाबाई, गजरा आणि जोंधळ्याने गळ्यापर्यंत भरलेली कणगी. अंसाबाई येता-जाता कणगीला हात लावून बघायची. पहिल्या लेकराचे तोंड तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. दारात कुणीही आले की ती म्हणायची, "वाढलं बाई," आणि शेजारणी "वाढू दे" म्हणून निघून जायच्या. लहानगी गजरा हे रोज ऐकायची. अंसाबाई दुष्ट नव्हती, घाबरलेली होती, असे केरबा सांगतात. पण बाहेर उभ्या असलेल्या उपाशी माणसाला त्यातला फरक कुठून कळावा.

एका भर दुपारी ठकूबाई आली. कडेवर धाकटे पोर, पाय धुळीने माखलेले.

"वैनी, पायलीभर जुंधळं दे. पोरगं कालधरनं निस्त्या पान्यावर हाय."

अंसाबाईच्या तोंडून सवयीने निघून गेले, "न्हाई वं वन्सं. समदं वाढलं."

ठकूबाईला शंकासुद्धा आली नाही. तिला उलट वहिनीचीच कीव आली. तिच्या पदराच्या गाठीला वाटेसाठी भाजलेले चिंचोके होते. ते सोडून तिने गजराच्या हातावर ठेवले. मग उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "वाढू दे बाई. माझ्या म्हायेराचं वाढू दे. माझ्या वैनीला काय कमी पडू नगं." हे ती रीत म्हणून बोलली नाही, पोटातून बोलली. आणि माहेरवाशिणीचा शब्द घराला लागतो म्हणतात, तो लागला.

तिला माघारी बोलवावे असे अंसाबाईला वाटले. हाक ओठावर आली होती, असे सांगतात. पण बोलवायचे म्हणजे कणगी दाखवायची. तिने दार ओढले आणि आतून अडसर घातला.

तेवढ्यात कणगी करकरली. शेणाचे लिंपण गळून पडले आणि जोंधळा भळभळा बाहेर येऊ लागला. अंसाबाई आधी हसली म्हणे. लुगडे पसरून गोळा करू लागली. बघता बघता दाणे गुडघ्यापर्यंत आले, मग कमरेला लागले. दार आत उघडणारे. त्याच्यावर एवढा भार पडला की ते तसूभरही हलेना. तेव्हा मात्र तिची पाचावर धारण बसली. धूर जायला छपराला भोक होते, त्यातून तिने गजराला वर ढकलले आणि ओरडली, "माणसं बोलीव!"

गजरा छपरावरून जीव तोडून ओरडू लागली. "जुंधळा वाढलाय! आमच्या घरात जुंधळा वाढलाय!"

खालून पाण्याला निघालेल्या बायकांनी मान वर केली. "वाढू दे बाळा," म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? त्या दारात त्यांनी हेच ऐकले होते. आत अंसाबाईने त्यांचे बोलणे ऐकले, आणि पोरीला आपण दुसरा शब्द शिकवलाच नाही, हे तिला तेव्हा उमगले. "भरलंय गं, या, समदं घिऊन जावा," असे ती ओरडत राहिली. पण आवाज जोंधळ्यातच जिरला.

गजरा छपरावरून उडी टाकून आत्याच्या मागे पळत सुटली. तिने गाठले तेव्हा ठकूबाईला पोरीच्या केसांत जोंधळा दिसला. कडेवरच्या पोराने हात लांब करून त्यातला एक दाणा काढला आणि तोंडात टाकला. ठकूबाई सगळे समजली. तशीच माघारी पळाली.

तोवर भिंती फुटून जोंधळा गल्लीत वाहत होता. आता गाव धावले होते. कुणी पाट्यांनी उपसत होते, कुणी पदरात भरून घेत होते. उपसावे त्याच्या दुप्पट येत होते. शेजारची घरे बुडू लागली. उंबरा जिथे होता तिथे ठकूबाई उभी राहिली, आणि कुठलीच लेक जे बोलत नाही ते बोलली.

"संपू दे. माझ्या म्हायेराचं संपू दे."

जोंधळा थांबला. जिथल्या तिथे त्याचे खडे झाले, लोकांच्या पदरातल्या दाण्यांचेसुद्धा. गाव अंधार पडेपर्यंत उकरत होते. उकरलेले खडे पुन्हा घसरून खाली येत होते. अंसाबाई सापडली नाही.

ठकूबाईने केले ते बरोबर की चूक, यावर वाडीत अजून एकमत नाही. ती बोलली नसती तर गाव गडप झाले असते, आणि बोलली म्हणून वहिनी दगडाखाली राहिली. तिने गजराला आपल्या घरी नेले. तिचे स्वतःचे धाकटे त्याच दुष्काळात गेले. गजरा जगली.

आजही या वाडीतली बाई डबा रिकामा असेल तर तोंडावर 'संपलं' म्हणते. असून द्यायचे नसेल तर "हाय, पर देत न्हाई," असेही सांगते. पाहुण्यांना ते उद्धट वाटते. टेकडीच्या बाजूला तोंड करून कुणी जेवत नाही. आणि माहेरी आलेली लेक सासरी निघाली की तिने मागायच्या आधीच आई जोंधळ्याने तिची ओटी भरते. लेक उंबऱ्यावर वाकते, तिच्या तोंडी आशीर्वाद येऊ बघतो. आई तिच्या तोंडावर हात ठेवते, आणि लेक तशीच, मुक्याने, गाडीत जाऊन बसते.