काचेमागच्या सतारी

"तसंच आहे ना घर, उस्ताद?"

दस्तगीरनं तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल उस्ताद अजून ओट्यावरच उभे होते. वय शहाऐंशी. काखेत त्यांच्या हातची शेवटची सतार.

मिरजेतल्या या घरात तीन पिढ्यांनी सतारी घडवल्या. आता त्याचं संग्रहालय झालं होतं. दस्तगीर इथंच शिकला आणि त्यानंच ते उभं केलं. उद्या उद्घाटन. ही सतार मधल्या कपाटात ठेवायची, आणि उस्तादांनी चारचौघांत म्हणायचं की घर होतं तसंच आहे. एवढ्यासाठी तो वर्षभर राबला होता.

उस्ताद आत आले. पटाशा जागेवर होत्या. आढ्याला भोपळे टांगले होते. सरस उकळायचं पातेलंही होतं. उस्तादांनी ते उचलून वास घेतला.

"कल्हई केली, उस्ताद."

"हं. आम्हाला कधी सुचलं नाही."

भिंतीवर अकरा सतारी. प्रत्येकीपुढं काच.

पूर्वी संध्याकाळी काम थांबलं, की उस्ताद एकच तार छेडत. मग भिंतीवरच्या सतारींच्या तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा कुणी हात न लावता गुणगुणू लागत. जी गप्प राही, ती सकाळी दुरुस्तीला पहिली खाली उतरे. दस्तगीरची पहिली सतार चार महिने गप्प होती. ती बोलली, त्या दिवशी त्यानं गल्लीभर पेढे वाटले होते.

उस्ताद जमिनीवर बसले. मांडीवरच्या सतारीची तार छेडली.

...

भिंत गप्प.

"सुरात आहेत सगळ्या," दस्तगीर घाईनं म्हणाला. "मीच लावल्यात. मध्ये काच आहे म्हणून..."

"काच कशाला?"

"लोक हात लावतात, उस्ताद. शंभर वर्षं टिकायला हव्यात."

उस्तादांनी मान हलवली. पोराचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग त्यांनी मांडीवरच्या सतारीची पहिली खुंटी पिळली. तार सैल पडली. मग दुसरी. मग तरफेच्या, एकेक करून सगळ्या. दस्तगीरनं त्यांचा हात धरला. उस्तादांनी तो बाजूला केला.

शेवटची तार लोंबली, तेव्हा त्यांनी सतार त्याच्या हातात दिली.

"सुरातली सतार उतरवलीत, उस्ताद?"

"उद्या सांगेन मी, घर होतं तसंच आहे. हिच्या कानावर तेवढं जायला नको."